एका चौकटीतल्या दोघी

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल की हा कुठल्या तरी जुन्या कुलपाचा तुकडा आहे. तसं नाही. मी कॅमेऱ्याचा खटका आहे, आणि आता फार जुना झालो आहे. कॅमेरा म्हणजे तुमच्या हातातला तो चपटा फोन नव्हे. एका बाजूने फोन लावायचा, दुसऱ्या बाजूने स्वतःचंच तोंड बघायचं, त्याला मी कॅमेरा म्हणत नाही. म्हाताऱ्याचा हेका समजा हवं तर.

आमच्या काळी कॅमेऱ्यात फिल्मची गुंडाळी असे. एक फोटो काढला की ती एक घर, म्हणजे एका फोटोची चौकट, पुढे सरकवावी लागे. त्यासाठी कॅमेऱ्याच्या माथ्यावर गोल बटण होतं. छोट्या खिडकीला लावलेला डोळा काढायचा, बटण बोटांनी पिळायचं, पुन्हा डोळा लावायचा. तेवढ्यात समोरच्याचं हसू मावळून जाई किंवा मंत्रीसाहेब गाडीत बसून निघून जात. मी ही अडचण दूर केली. कॅमेऱ्याचा तळ काढून तिथे मला बसवत. माझी पोलादी जीभ डाव्या हाताच्या बोटांनी ओढली की खर्र करून फिल्म पुढे सरके आणि कॅमेरा पुढच्या फोटोला तयार होई. डोळा खिडकीवरून हलवायचं काम नाही.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. त्यातलं मला तेलाचा वास आणि एका बाईचे हात एवढंच आठवतं. ती प्रत्येक खटका कानाशी धरून ओढायची आणि आवाज पसंत पडला तरच पेटीत ठेवायची. मला तिने दोनदा परत पाठवलं होतं. म्हणून तर मी इतकी वर्षं टिकलो.

मग बोटीत बसून मी लागोस शहरात आलो. तिथल्या एका वर्तमानपत्राने मला कॅमेऱ्यासकट विकत घेतलं आणि ओगुनडेले नावाच्या फोटोग्राफरच्या हाती दिलं. तो उंच, किडकिडीत आणि डावखुरा होता. त्यामुळे मी त्याच्या हातात पहिल्याच दिवशी चपखल बसलो. फुटबॉलच्या सामन्यात गोल झाला की बाकीचे फोटोग्राफर बटण पिळत असत आणि ओगुनडेलेने तोवर गोल, गोलरक्षकाची लोळण आणि प्रेक्षकांनी उडवलेल्या टोप्या, सगळं टिपलेलं असे. ऑफिसात लोक मला हातात घेऊन उगाच ओढून बघत. त्या दिवसांत मी फार फुगलो होतो, हे खरं आहे.

मग देशाच्या पूर्वेकडे लढाई पेटली. ओगुनडेलेला तिकडे धाडलं आणि त्याच्याबरोबर मलाही. दुधाच्या भुकटीसाठी मुलांची रांग लागली होती. रांगेत एक मुलगा होता, गुडघे मांड्यांपेक्षा जाड. ओगुनडेलेने खिडकीला डोळा लावला. पहिल्या फोटोत तो मुलगा उभा होता, दुसऱ्यात गुडघ्यांवर आणि तिसऱ्यात आडवा. मी इतक्या झपाट्याने चाललो की कॅमेरा खाली ठेवून हात पुढे करावा, हे ओगुनडेलेला सुचलंच नाही. सुचलं तेव्हा उपयोग नव्हता.

संपादकाने फक्त पहिला फोटो छापला.

“बाकीचे दोन?” ओगुनडेलेने विचारलं.

“लोक सकाळी खाताखाता पेपर वाचतात रे. त्यांच्या घशाखाली घास उतरायला नको?”

“मग मी ते काढले कशाला?”

“ते मी कसं सांगू? काढ म्हणून मी सांगितलं होतं का?” संपादक म्हणाला. वर त्याने मला हातात घेऊन ओढलं. “खटका मात्र झकास आहे हां तुझा!”

लढाई संपायच्या आत ओगुनडेलेने नोकरी सोडली. तुंबलेल्या पगाराच्या बदल्यात त्याने कॅमेरा आणि मला घेतलं आणि तो आपल्या गावी, ओके-ओडोला, परत आला.

ओके-ओडोत त्याने स्टुडिओ टाकला. मागच्या भिंतीला विमानाचं चित्र रंगवलेला पडदा लावला, पुढे दोन खुर्च्या ठेवल्या. लोक कडक इस्त्रीचे कपडे घालून येत आणि श्वास रोखून बसत. अशा गिऱ्हाइकांना माझी गरज काय? मी बहुतेक वेळ जीभ दुमडून पडून असे. गावातले लोक ओगुनडेलेला फोटोबाबा म्हणू लागले. तो कमी बोलायचा. आडवं पडलेलं कुणी त्याला बघवत नसे. दुकानात कुणी बाकावर लवंडलं तरी तो म्हणायचा, “उठून बस बाबा, उठून बस.”

मला बाहेर काढलं जायचं ते लहान मुलांसाठी. आणि जुळ्यांसाठी.

त्या मुलखात जुळी फार जन्मतात. आधी येतं त्याचं नाव तायवो आणि मागून येतं त्याचं केहिंदे, हे ठरलेलं. पण मोठं म्हणायचं ते मागून आलेल्याला. “जग कसं लागतं ते चाखून ये,” असं सांगून केहिंदेच तायवोला पुढे धाडतं, असं तिथल्या बायका सांगतात. जुळ्यांपैकी एक दगावलं तर ते मेलं असं कुणी तोंडाने म्हणत नाही. ते लागोसला गेलं म्हणतात. मग त्याची लाकडी बाहुली कोरून घ्यायची, तिला न्हाऊमाखू घालायचं, पाम तेलात शिजवलेल्या चवळीचा वाटा तिच्यापुढे ठेवायचा. नाही तर गेलेलं मूल रुसतं आणि राहिलेल्याला हाका मारतं.

आमच्या वेळी गावात बाहुल्या कोरणारा उरला नव्हता. म्हणून लोक फोटोबाबाकडे येत. तो राहिलेल्या मुलालाच दोनदा बसवायचा, एकदा चटईच्या डाव्या अंगाला आणि एकदा उजव्या. मग दोन फोटो एका कागदावर शेजारीशेजारी छापून मधे बारीक रेघ मारायचा. झाली जोडी. सांध्यावर काही दिसू नये म्हणून तो विमानाच्या पडद्यावर काळपट निळं कापड टांगायचा. मूल चुळबुळ करे, रडे, उठून पळे. तिथे मी कामाला येई. दोन फोटोंच्या मधे मी एकदाच खर्र करायचं.

त्या वर्षी हरमातान फार कडक होता. हरमातान म्हणजे वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा. तो आला की ओठ फुटतात, लाकडी दारं तडकतात आणि फिल्मही पापडासारखी कडक होते. त्या दिवसांत ओगुनडेले मला जपून, हलक्या बोटाने ओढायचा. त्याला ठाऊक होतं, हिसका बसला तर फिल्मच्या कडेची भोकं फाटतात, आणि त्या भोकांत दाते अडकले तरच फिल्म पुढे सरकते.

एका सकाळी मोरेनिके दुकानात आली. बाजारात रताळी विकणारी तरुण बाई. कडेवर चार वर्षांची केहिंदे आणि मागून सासू. गोवराच्या साथीत त्यांची तायवो गेली होती. केहिंदेचा गोवर उतरला, पण छातीत कफ धरला. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. दारात सुले ड्रायव्हर गाडी चालू ठेवून उभा होता. तो तिला शेजारच्या शहरातल्या दवाखान्यात नेणार होता.

“फोटोबाबा, आधी फोटो,” सासू आत शिरता शिरता म्हणाली.

ओगुनडेलेने मुलीच्या कपाळाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. “आजी, फोटो कुठे पळून जातोय? आधी हिला दवाखान्यात न्या.”

“तू मला शिकवू नकोस. तुला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून मी जुळी बघतेय. तायवोचा वाटा ज्याच्यापुढे ठेवायचा असं घरात काय आहे आमच्या? रिकामी भिंत! तायवोच हिला बोलावतेय. तिला आधी शांत करू, मग तुमचा डॉक्टर काय सुया टोचायच्या त्या टोचू दे.”

“आजी, गाडीत पेट्रोल जळतंय,” सुले बाहेरून ओरडला.

“तुझी गाडी ढकलूनच चालते, मेल्या. पेट्रोल कसलं जळतंय!”

ओगुनडेलेने मोरेनिकेकडे पाहिलं. तिने तरी नको म्हणावं, अशी त्याची इच्छा असावी. मोरेनिके म्हणाली, “बाबा, लवकर काढा. माझी एक गेली. दुसरीसाठी मला काहीही करायचं बाकी ठेवायचं नाही.”

त्याने पुढे वाद घातला नाही. वादात जाणारा वेळही मुलीचाच होता. त्याने कॅमेऱ्यात नवी फिल्म भरली, मला तळाला बसवलं, कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर, घट्ट केला आणि निळं कापड ओढलं. मोरेनिकेने केहिंदेला चटईच्या डाव्या अंगाला बसवलं. तिला ताठ बसवेना. तिने डावा हात चटईवर टेकला आणि तोल सावरला.

केहिंदेने वर पाहिलं. “फोटोबाबा, तू लागोसला होतास ना?”

“होतो की.”

“तिथं तायवो भेटली का तुला?”

मोरेनिकेने तोंडात पदर कोंबला. ओगुनडेलेचा डोळा खिडकीलाच होता. “मोठं गाव आहे गं ते,” तो म्हणाला. “सगळे कुठे भेटतात?”

“माझी वाटी तिच्याकडंच राहिली.”

पहिला फोटो निघाला. लगेच मुलीला खोकल्याची उबळ आली, ती एका बाजूला कलली. आता ही आडवी पडणार, हे ओगुनडेलेने खिडकीतून पाहिलं. त्याची बोटं माझ्यावर आवळली. त्याने मला जपून ओढलं नाही, हिसडाच मारला. मला ते तेव्हाच कळलं, मित्रांनो. सुरुवातीला नेहमीचा ताण होता, मग कट्ट असं काही तरी झालं आणि पुढची ओढ अगदी मोकळी गेली, पाणी आटलेल्या विहिरीतून पोहरा वर यावा तशी. भोकं फाटली होती. कॅमेरा तयार झाला, पण फिल्म जागची हलली नाही.

“उजवीकडे बसवा. धरून ठेवा आणि मी म्हटलं की सोडा,” ओगुनडेले म्हणाला. मोरेनिकेने तिला उचलून उजव्या अंगाला ठेवलं. या वेळी तिने उजवा हात टेकला. दुसरा फोटो निघाला.

सवयीने त्याने मला पुन्हा ओढलं. आता घाई नव्हती, त्यामुळे ती मोकळी ओढ त्याच्याही बोटांना लागली. त्याने पहिल्यांदा खिडकीवरून डोळा काढला आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर पाहिलं. फिल्म सरकते तेव्हा तिथलं एक बटण आपोआप गरागरा फिरतं. ते फिरत नव्हतं. म्हणजे दोन्ही फोटो एकाच घरात, एकावर एक पडले होते. त्याच्या लेखी सगळं वाया गेलं होतं.

पुन्हा काढायचे तर अंधाऱ्या खोलीत जाऊन कॅमेरा उघडायचा, फाटलेली फिल्म कापायची, नवी भरायची. केहिंदे आईच्या मांडीवर पडली होती आणि तिचे ओठ राखेसारखे दिसत होते.

“आल्या का दोघी?” मोरेनिकेने विचारलं.

“आल्या,” ओगुनडेले म्हणाला. “छान आल्या. आता निघा.”

“शपथ?”

“अगं शपथ! निघ की आता!” तो ओरडला. त्या माणसाला मी त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्यानेच मुलीला उचलून गाडीत ठेवलं. सासू दारातून म्हणत होती, “आता तायवो हिला सोडेल. आता सोडेल बघ.”

दुपारी त्याने फिल्म धुतली. मला वाटतं, आपण काय बिघडवलं ते डोळ्यांनी बघावं म्हणूनच. ओली फिल्म त्याने उजेडात धरली. मागचं कापड काळपट होतं आणि कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट होता, म्हणून एकावर एक पडलेले दोन फोटो एकमेकांना पुसून टाकत नव्हते. एकाच घरात दोन मुली शेजारीशेजारी बसल्या होत्या. मधोमध, जिथे एकीने डावा आणि दुसरीने उजवा हात टेकला होता, तिथे एकच हात दिसत होता. कुणाचा ते सांगता आलं नसतं.

ओगुनडेले हसला. लढाईनंतर मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्याने मोठा कागद काढून फोटो छापला, दोरीवर वाळत टाकला आणि दर थोड्या वेळाने त्याच्यासमोर जाऊन उभा राहू लागला. मधे रेघ मारायची नाही असं त्याने ठरवलं. केहिंदे बरी होऊन आली की तिच्याच हातात द्यायचा, असं तो मोठ्याने म्हणाला. दुकानात ऐकायला मी सोडून कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुलेची गाडी दारात थांबली. त्याने गाडी बंद केली नाही आणि तो खालीही उतरला नाही.

“काय रे सुले, पोर कशी आहे?”

सुलेने दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले होते. “बाबा, दवाखान्याची पायरी चढलो होतो हो. आत नेईपर्यंत...” त्याने काचेतून पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “केहिंदेसुद्धा लागोसला गेली.”

मित्रांनो, त्या दिवशी ओगुनडेले आधीच ‘नाही’ म्हणून दार लावून घेता तर ती वाचली असती का, हे मला माहीत नाही. तो म्हातारा होईपर्यंत यावर विचार करत असे. फोटोत गेलेला वेळ तो रस्त्याच्या वेळेशी जोडून बघे, वजा करून बघे. मी जड धातूची वस्तू आहे, मला हिशेब येत नाही. 

पुढच्या बाजाराच्या दिवशी मोरेनिके आणि सासू फोटो न्यायला आल्या. ओगुनडेले त्यांना टाळू शकला असता. खराब झाला म्हणाला असता तरी चाललं असतं. पण त्याने दोरीवरचा फोटो काढून टेबलावर ठेवला.

सासूने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. “रेघ कुठंय मधली? दोघींची दोन घरं नकोत का?” मग तिचं बोट मधल्या हातावर थांबलं आणि आवाज चिरका झाला. “बघ! बघ गं! तायवोने हात धरून नेली हिला! आणि तू हे छापलंस?”

“आजी, तसं नाही. फिल्म फाटली. एकाच घरात दोन फोटो पडले. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही निघावं म्हणून मी खोटं बोललो.” तो मोरेनिकेकडे वळला. “खोटी शपथ घेतली मी. या दोघीही केहिंदेच आहेत.”

“मला माहीत आहे दोघी केहिंदे आहेत,” मोरेनिके म्हणाली. “मीच बसवली ना तिला?”

तिने फोटो सासूच्या हातातून घेतला. कितीतरी वेळ ती उजवीकडच्या मुलीकडे बघत राहिली, जिला तायवो म्हणायचं ठरलं होतं.

“चांगला आलाय, बाबा. तुमचं काही चुकलं नाही. पण तायवोचं नाक असं नव्हतं. जरा बसकं होतं. की हनुवटी वेगळी होती?” तिने सासूकडे पाहिलं. सासू फोटोतली हनुवटी पुन्हा बघू लागली. “केहिंदे होती तोवर मला तायवोला आठवावंच लागायचं नाही. हिच्याकडे बघायचं आणि जरासा फरक मनात जोडायचा, की तायवो पुढ्यात. आता डोळे मिटले तर केहिंदेच येते. दोन्हीकडून केहिंदेच येते.” आणि मग तिने विचारलं, “बाबा, तुमच्या पायरीवर बसायच्या ना दोघी? तुम्ही रोज बघत होता. सांगा ना, माझी तायवो कशी दिसायची?”

ओगुनडेलेने पायरीकडे पाहिलं, पण त्यालाही केहिंदेचंच नाक आठवलं. त्या दोघी खरोखरच रोज दुकानाच्या पायरीवर बसून चिंचा चोखत असत. मी आत टेबलावर असे, कॅमेरा माझ्या शेजारी असे, फिल्मही बहुतेक भरलेली असे. गेल्यावर फोटो काढायचा रिवाज त्या गावात होता. त्या असताना कुणी काढला नाही. कोण कुठली ते आपल्याला नीट कळतंय, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

मोरेनिकेने फोटो पदराखाली घेतला आणि ती सासूला धरून बाजारातून घरी गेली. त्या संध्याकाळी ओगुनडेलेने मला कॅमेऱ्याच्या तळातून काढलं, कापडाने पुसलं आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. त्यानंतर तो माथ्यावरचं बटण पिळूनच फोटो काढायचा. तो वारला, कॅमेरा कुणी तरी नेला, मी डब्यातच राहिलो. माझी स्प्रिंग आता गंजली आहे आणि जीभ अर्ध्यावर अडकते.

आपली कहाणी सांगणारे माझे जातभाई तुम्हाला शेवटी सांगतात की वस्तू जपा, तेलपाणी करा. मी ते सांगणार नाही. मला गंजू दे. पण तुमच्या घरात, दारात, पायरीवर जी माणसं रोज बसतात, त्यांच्याकडे आज एकदा नीट बघून घ्या. नाक बसकं आहे की सरळ, हनुवटी कशी आहे, हसताना कुठला डोळा आधी मिटतो. त्यांच्यासारखं दुसरं कुणी घरात असलं, तरीही प्रत्येकाकडे वेगळं बघा. नाही तर एखाद्या दिवशी त्यांची आई तुम्हाला विचारेल, आणि तुम्हाला सांगता येणार नाही.